गावाचे ज्ञान आणि शाळेचे विज्ञान : वैनगंगेच्या खोऱ्यातील एक अपुरा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवले. अशा शिक्षकाच्या स्मृतिदिनी मुलांच्याच कर्तृत्वाविषयी बोलावे, असे मनात आले. विषय थोडा चमत्कारिक वाटेल. गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पाण्याचे, धानाचे, माशांचे आणि पावसाचे ज्ञान एका बाजूला, आणि शाळेत शिकवले जाणारे विज्ञान दुसऱ्या बाजूला. या दोहोंची गाठ मुलांच्या हातून, मुलांच्या वहीत कधी आणि कशी पडली, अथवा का पडली नाही, याचा हा इतिहास आहे. तो मोठ्या माणसांच्या कार्याच्या इतिहासासारखा सलग नाही. मधूनमधून तुटतो, पुन्हा दुसऱ्याच ठिकाणी उगवतो. म्हणून शीर्षकात त्याला ‘अपुरा’ म्हटले आहे.

आरंभ लांजीपासूनच करू. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या सन १११४ च्या शिलालेखात ज्या प्रदेशांच्या अधिपतींकडून करभार येत असे त्यांची नावे आहेत. त्यांत वैरागर आहे, भाणार म्हणजे भंडारा आहे आणि ‘लांजिका’ही आहे. नऊशे वर्षांपूर्वी लांजी आणि भंडारा एकाच ओळीत कोरले गेले होते. येथून जवळच, आमगावच्या परिसरातील पद्मपूर हे भवभूतीचे जन्मस्थान होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. पुढे गोंड राजे आले, नागपूरकर भोसले आले, १८५३ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनवण्यात आला. तरीही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा ही एकाच राज्यातील भावंडे होती व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नंतर भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. सीमा नकाशावर ओढली गेली, पण नदीच्या दोन्ही तीरांवरचे धान तेच, तलाव तेच आणि सोयरिकीही त्याच राहिल्या.

येथे तलावांविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या विषयाचा गाभा तेथे आहे. पूर्व विदर्भ आणि त्याला लागून असलेला बालाघाटचा सखल भाग हा तलावांचा मुलूख. भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने हे काम केले. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क देऊन उत्तेजन दिले, असे परंपरा सांगते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, ही त्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कथा. आपल्या बाजूला पोवार शेतकऱ्यांनी धानासाठी पाणी अडवण्याची विद्या जोपासली. १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या रसेल या इंग्रज अधिकाऱ्यानेही या दोन्ही समाजांच्या या कौशल्याची नोंद घेतली आहे.

आता हे कौशल्य म्हणजे नेमके काय? नुसती मातीची पाळ घालणे नव्हे. दोन टेकड्यांच्या मधली योग्य जागा हेरायची, पावसाचे पाणी कोठून येईल आणि जादा पाणी पाळ न फोडता कोठून निघून जाईल याचा अंदाज बांधायचा, पाळीत मोरी बसवून धानाच्या बांध्यांपर्यंत पाट काढायचे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, त्याच्या खाली आणखी एखादी बोडी. अशी साखळी असली की पावसाचा एकही जोर वाया जात नाही. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढून बांध्यांत टाकायचा, त्यामुळे तलाव खोल राहतो आणि शेताला खत मिळते. जलविज्ञान, मृदाशास्त्र आणि स्थापत्य या तिन्ही शास्त्रांचे प्रश्न या एका पाळीत सोडवलेले आहेत. ते सोडवणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

शिवाय एकाच तलावाविषयी प्रत्येकाचे ज्ञान वेगळे असे. पाळ आणि सांडवा पाटलाला ठाऊक, पाण्याच्या पाळ्या वाटणाऱ्याला बांध्यांचा उतार ठाऊक. तलावाच्या काठची आणि तळाची वनस्पती, कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, पहिल्या पावसात मासे चढणीला कोणत्या ओघळीने लागतात, हे धीवर जाणत. काठावरचे कंद आणि भाज्या स्त्रिया जाणत. पाणलोटातील जंगल गोंड जाणत. हे ज्ञान कोणत्याही एका डोक्यात संपूर्ण नव्हते, ते गावभर विखुरलेले होते आणि गावाच्या श्रेणीप्रमाणे त्यातील काहींना मान होता, काहींना नव्हता. धीवराच्या ज्ञानाला कधीही पाटलाच्या ज्ञानाची प्रतिष्ठा मिळाली नाही. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही गोष्ट आपण सहसा सोडून देतो.

या गावांत इंग्रजी अमदानीतली शाळा आली तेव्हा तिने या सगळ्याकडे पाठ फिरवली. त्या शाळेचा हेतूच कारकून आणि पटवारी तयार करण्याचा होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतिराव फुले यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे अशी मागणी केली होती. ती मागणी कागदावर राहिली. तिच्यानंतर पंचावन्न वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यानंतर जी योजना आखली ती पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. त्याच सुमारास आपल्या प्रांताचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. नाव वादात सापडले आणि १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला, त्यामुळे ती बहरू शकली नाही.

नई तालीमविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. हाताच्या कामाला तिने प्रतिष्ठा दिली, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु मुलाने शंका घ्यावी, मोजून पाहावे, वडीलधाऱ्यांचे म्हणणे ताडून पाहावे, हा भाग तिच्यात मंद राहिला. सूत कातणारे मूल सूत का तुटते हे विचारील, तेव्हा त्याला उत्तर शोधण्याची साधने कोण देणार? त्या प्रश्नाला हात घालायला आणखी पस्तीस वर्षे लागली, आणि तो घातला गेला आपल्याच राज्यात.

मधल्या काळात एक घटना घडली तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. अन्याय्य व्यवस्था गेली, हे योग्यच झाले. पण पाळीची डागडुजी, गाळ काढणे, सांडवा साफ करणे ही कामे ज्या सक्तीने वा संकेताने होत असत, तीही तिच्याबरोबर गेली. सरकारी खात्याच्या दप्तरात तलावाचे क्षेत्रफळ होते, तो वर्षभर कसा वागतो हे नव्हते. गावाजवळचे ज्ञान निरुपयोगी ठरत चालले आणि त्याच दशकांत गावोगाव शाळा निघत होत्या. ज्या वर्षांत मूल शाळेत जाऊ लागले त्याच वर्षांत घरी शिकण्यासारखे काही उरले नाही असे त्याला वाटू लागले, हा योगायोग दुर्दैवी खरा.

आता होशंगाबादकडे वळू. आज त्या जिल्ह्याला नर्मदापुरम म्हणतात. १९७२ मध्ये तेथील सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे आपण ज्यांना सहावी ते आठवीचे वर्ग म्हणतो तेथे, विज्ञान शिकवण्याचा एक नवा प्रयोग सुरू झाला. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती या दोन संस्थांनी तो हाती घेतला. दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांतील शास्त्रज्ञ सुट्ट्या काढून खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. पाठ्यपुस्तकाच्या जागी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची कार्यपुस्तिका आली. तिच्यात उत्तरे नव्हती. चार-चार मुलांची टोळी करून प्रयोग करायचा, निरीक्षणे वहीत लिहायची, वर्गात त्यांवर वाद घालायचा आणि निष्कर्ष काढायचा. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण घोकलेले काय आहे हे तपासायचेच नव्हते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली, आणि पुढे सुमारे पंधरा जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत तो पोचला.

या प्रयोगाचे मोठेपण साहित्यात आणि पद्धतीत आहे असे सामान्यतः सांगितले जाते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृती करण्याची अरविंद गुप्ता यांची प्रसिद्ध युक्ती याच परिसरात जन्मली. पण मला त्याचे मोठेपण परिभ्रमणात दिसते. मुले वर्गातून शेतात, नाल्यावर, जंगलात जात. पिकांची मुळे आणि पाने जमवून त्यांचे गट पाडत. शेतकऱ्याच्या मुलाला ज्या वनस्पती नावानिशी ठाऊक होत्या, त्या शहरातून आलेल्या शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हत्या. शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा त्या बांधावर क्षणभर बदलत. ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहून वाटेल ते प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे जात. ज्या समाजात मुलाने प्रश्न विचारणे म्हणजे उलट बोलणे, तेथे प्रश्न पोस्टाने पाठवता येतो ही सोय साधी नव्हती.

२००२ मध्ये राज्यशासनाने हा कार्यक्रम बंद केला. परीक्षेतील निकाल आणि राज्यभर एकच पाठ्यक्रम असावा हा आग्रह, अशी कारणे पुढे आली. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी निषेध केला, त्याचा उपयोग झाला नाही. तीस वर्षे जो कार्यक्रम शासकीय शाळांत, शासकीय शिक्षकांकडून चालला, तो एका आदेशाने थांबला. ज्याला हा खर्च आणि खटाटोप अनावश्यक वाटला त्याच्याशी मी वाद घालणार नाही. एवढेच म्हणेन की, त्यानंतर त्या प्रमाणावर, सरकारी शाळेच्या रोजच्या तासात, मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणाला जागा देणारा दुसरा कार्यक्रम या राज्यात उभा राहिलेला नाही. मराठीत त्याचा एक धागा मात्र जिवंत राहिला. ‘एकलव्य’च्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागले.

महाराष्ट्रात याच्या जवळपासचे काम पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून विज्ञान आश्रमात केले. गावाच्या गरजेतून काम आणि कामातून शिक्षण, हे त्यांचे सूत्र होते. त्यांचा रोख तंत्राकडे अधिक होता, म्हणून येथे उल्लेखावरच थांबतो.

यानंतरचा टप्पा म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्राने मध्य प्रदेशात मुलांची विज्ञान परिषद भरवण्याचा प्रघात पाडला होता, तो पाहून १९९३ पासून भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ती देशभर सुरू केली. दहा ते सतरा वर्षांची मुले गट करून आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडतात, त्याचा काही महिने अभ्यास करतात, आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा पायऱ्यांवर तो मांडतात. मांडणी स्वतःच्या भाषेत करता येते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आणि २०१८-१९ च्या परिषदेत तर पारंपरिक ज्ञानप्रणाली हा एक स्वतंत्र उपविषयच दिला होता. जे काम होशंगाबादच्या बांधावर नकळत घडत होते, त्याला येथे नाव आणि कोष्टक मिळाले.

नाव मिळाल्याने लाभ झाला तसा तोटाही झाला. प्रकल्प पुष्कळदा शिक्षक करतात आणि मुले पाठ म्हणतात, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. ‘पारंपरिक ज्ञान’ म्हटले की आरंभीच निष्कर्ष ठरलेला असतो : आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते. मग मुले आजीकडून पाच काढ्यांची नावे लिहून आणतात, इंटरनेटवरून त्यांतील रासायनिक द्रव्यांची नावे उतरवतात आणि दोन्ही एकाखाली एक चिकटवतात. यात आजीचाही सन्मान नाही आणि रसायनशास्त्राचाही नाही. आजीचे म्हणणे खरे की खोटे, कोणत्या परिस्थितीत खरे, किती वेळा खरे, हे ताडून पाहणे हाच तिचा खरा सन्मान होय. जे कधी तपासलेच जाणार नाही ते ज्ञान म्हणून नव्हे, देव्हाऱ्यातली वस्तू म्हणून शिल्लक राहते.

एक उदाहरण घेऊ. आपले शेतकरी पावसाचा हिशेब नक्षत्रांनी करतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी ती नक्षत्रे. प्रत्येक सुमारे तेरा-चौदा दिवसांचे. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनही दिलेले असते : बेडूक, म्हैस, कोल्हा. वाहनावरून पावसाचा अंदाज बांधायचा. आता शाळेच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक ठेवले आणि चार वर्षे नोंदी केल्या, तर नक्षत्रांची विभागणी पावसाच्या चढउताराशी कितपत जुळते आणि वाहनाचे भाकीत कितपत खरे ठरते, हे आठवीतले मूल स्वतः तपासू शकते. पहिली गोष्ट बरीचशी उपयोगी निघेल, कारण ती कृतीची दिनदर्शिका आहे. पऱ्हे केव्हा टाकावे, रोवणी केव्हा आटपावी हे त्या भाषेत ठरत असे. दुसरी गोष्ट टिकेल असे मला वाटत नाही, पण ते मी सांगण्यापेक्षा वहीने सांगितलेले बरे.

याच उदाहरणात एक सुंदर पेच दडलेला आहे. सूर्याचा मृग नक्षत्रातील प्रवेश सध्या ७ किंवा ८ जूनला होतो. तो ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, ऋतू मात्र अयनबिंदूंवर चालतात. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळे या दोहोंत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस असा फरक पडत जातो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मृग ऋतुमानाने सुमारे दहा दिवस अगोदर लागत होता. जुना अनुभव ज्या मृगाविषयी सांगितला गेला तो आजचा मृग नव्हेच! मग जुना ठोकताळा चुकला की ठोकताळा जेथे बसवला होता ती खुंटी सरकली? गावचा म्हातारा आणि खगोलशास्त्र यांना एकाच बाकावर बसवणारा असा प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

धानाची कथाही अशीच. डॉ. आर. एच. रिछारिया हे कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे माजी संचालक. सत्तरीच्या दशकात रायपूरला राहून त्यांनी छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून हजारो देशी वाणांचे नमुने गोळा केले. आदिवासी शेतकरी वाण ओळखतात, निवडतात आणि टिकवतात ते निरीक्षणाच्या बळावर, असे त्यांचे ठाम मत होते. १९७८ मध्ये त्यांची संस्था बंद झाली, संग्रह मात्र आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. इकडे चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक तांदूळ निघाला. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच वाणाचे शुद्धीकरण करून तो आपल्या नावाने प्रसृत केला. खोब्रागडे यांना मानसन्मान मिळाले, संपत्ती मिळाली नाही. २०१८ मध्ये ते निवर्तले. आणि आपल्या बालाघाटच्या सुवासिक चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. चिन्नोर उशिरा येतो, उंच वाढून लोळतो, उतारा कमी देतो. तरी घरोघरी एखाद्या बांधीत तो सणासुदीसाठी राखला गेला म्हणून वाचला. त्याला कोणत्या बांधीत सुवास अधिक येतो असे शेतकरी सांगतात, आणि त्या बांधीची माती वेगळी कशी आहे, हा प्रश्न एखाद्या प्रयोगशाळेची नव्हे, एखाद्या शाळेची वाट पाहत आहे.

या ठिकाणी थोडे दूर जाऊ. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर १८९६ च्या कायद्याने शाळेचे माध्यम इंग्रजी झाले आणि दोन पिढ्यांत मूळ हवाईयन भाषा मुलांच्या तोंडून जवळजवळ नाहीशी झाली. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ नावाची जुन्या पद्धतीची जोडनौका ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधारे, कोणतेही उपकरण न वापरता, हवाईहून ताहितीला पोचली. ती नेणारा जाणकार माउ पियाइलुग हा हवाईचा नव्हता. मायक्रोनेशियातील सातावाल बेटावरून त्याला बोलवावे लागले, कारण हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता. १९७८ मध्ये हवाईयन भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९८४ मध्ये तिच्यातून चालणाऱ्या बालवाड्या निघाल्या आणि मग शाळाही. तेथील किनाऱ्यावर दगडी भिंतींचे जुने मत्स्यतलाव आहेत. त्यांच्या दारांत लाकडी जाळ्या अशा बसवलेल्या असतात की लहान मासा आत येतो आणि पोसून मोठा झाला की बाहेर जाऊ शकत नाही. आज शाळेची मुले त्या भिंती दुरुस्त करायला जातात. तेथेच ती पाण्याचा खारेपणा आणि तापमान मोजतात आणि चंद्राच्या तिथींप्रमाणे मासे कसे वागतात याच्या जुन्या नोंदींशी ते पडताळतात. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातील माणसाला हे वर्णन परके वाटू नये. फरक एवढाच की, त्यांना विद्या हरवल्यावर जाग आली आणि परक्या बेटावरून गुरू आणावा लागला. आपले गुरू अजून गावातच आहेत, वयाने मात्र बरेच पुढे गेलेले.

तलावांच्या बाबतीत हे गुरू कोण, याचे उत्तर गोंदिया-भंडाऱ्याकडे मिळाले आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि धीवर समाजातील जाणकार यांनी मिळून मालगुजारी तलावांचा अभ्यास केला. सहकारी संस्थांनी रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले, कोठे कोठे गवत खाणारा परदेशी मासाही सोडला. काठावर दक्षिण अमेरिकेतून आलेले बेशरम माजले. पाण्यातली देशी वनस्पती नाहीशी झाली, तिच्याबरोबर देशी मासे गेले, माशांपाठोपाठ पक्षी गेले. कोणती वनस्पती पाण्याखाली पूर्ण बुडून वाढते, कोणती तरंगते, कोणती काठाच्या चिखलात, आणि कोणत्या माशाला कोणती लागते, हे धीवरांना ठाऊक होते. त्या आधारे बेशरम उपटले गेले, तळ नांगरला गेला आणि देशी वनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. यात धीवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. काही तलावांत मासे आणि पक्षी परतले. ज्या ज्ञानाला गावाने कधी मान दिला नव्हता तेच येथे शास्त्र ठरले.

सारस पक्ष्याची गोष्ट याला जोडूनच येते. महाराष्ट्रात सारस जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्याकडे उरला आहे, आणि नदीपलीकडे आपल्या बालाघाटात. सर्व मिळून संख्या शंभराच्या आत. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा दलदलीत घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो. शेतकऱ्याचे थोडे धान तुडवले जाते, तरी घरटे कोठे आहे हे तोच सांगतो आणि तोच राखतो. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था, वनविभाग, शेतकरी आणि विद्यार्थी मिळून दर जूनमध्ये, पहाटेच्या वेळी, दोन्ही राज्यांत सारसगणना करतात. मोजणीची पद्धत शास्त्राची, पण कोठे उभे राहायचे हे शेतकऱ्याच्या सांगण्यावरून ठरते. राज्यांची सीमा सारसाला नाही, म्हणून त्या काही दिवसांपुरती ती मोजणाऱ्यांनाही राहत नाही. १९५६ पासून दोन दप्तरांत गेलेले हे खोरे एका तक्त्यावर पुन्हा एकत्र येते.

आता भाषेविषयी एक गोष्ट, जी मला सर्वांत अधिक चिंतेची वाटते. लांजीच्या मुलाची घरची भाषा पोवारी असेल, मराठी असेल, लोधी किंवा गोंडी असेल. शाळेची भाषा हिंदी आणि पुढे इंग्रजी. तलावाच्या भागांची, धानाच्या अवस्थांची, गवतांची आणि माशांची नावे घरच्या भाषेत आहेत. शाळेच्या भाषेत त्यांना शब्दच नाहीत, किंवा सर्वांना मिळून एकच शब्द आहे. ज्या गवताला आजोळी तीन नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे एक निरीक्षण आहे, ते शाळेत नुसते ‘घास’ होते. तीन गोष्टींची एक गोष्ट झाली म्हणजे भेद दिसेनासा होतो, आणि भेद दिसणे हा तर विज्ञानाचा पहिला धडा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली. प्रा. माधव गाडगीळ यांनी अशा नोंदींच्या कामात शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी-शिक्षकांना सहभागी करून घेण्याचा पाठपुरावा केला. बहुतेक ठिकाणी ती नोंदवही कंत्राटाने भरली जाते. ती मुलांनी, घरच्या भाषेतील नावांनिशी, सांगणाऱ्याचे श्रेय लिहून भरावी, यात कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. आणि भरलेली वही सांगणाऱ्याला वाचून दाखवावी. आजवरच्या बहुतेक शालेय प्रकल्पांत ज्ञान गावातून निघाले, जिल्ह्याच्या ठिकाणी बक्षीस घेऊन आले आणि कपाटात गेले. ज्याने ते दिले त्याला त्याचे काय झाले हे कधी कळले नाही.

या शाळेच्या बाबतीत बोलायचे, तर आरंभाला फार काही लागणार नाही. जवळचा एक तलाव निवडावा. उन्हाळ्यात तळ उघडा असताना मोरीजवळ सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक पट्टी रोवावी, कारण मृग लागल्यावर तेथे उतरता येणार नाही. पाण्याची पातळी आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी वाचावी. पांढरी-काळी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजावे. पर्जन्यमापक अंगणात असेलच. वहीच्या डाव्या पानावर हे आकडे आणि उजव्या पानावर त्या आठवड्यात तलावाविषयी धीवराने, पाणी वाटणाऱ्याने आणि काठावर भाजी खुडणाऱ्या बाईने काय सांगितले ते, त्यांच्याच शब्दांत. सातवीतल्या मुलांनी सुरुवात करावी आणि दहावीत जाताना वही खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. तीन वर्षांच्या आकड्यांत फारसे दिसणार नाही. दहा वर्षांच्या आकड्यांत दिसू लागेल, तेव्हा वही लिहिणारी पहिली मुले माजी विद्यार्थी म्हणून याच सभागृहात बसलेली असतील.